परत द्यावी

शुक्रवारी बाजारात, बंद पडलेल्या मिक्सरांच्या
आणि मान मोडलेल्या पंख्यांच्या मध्ये
ती हिवाळ्याचं ऊन खात पडली होती.
यासीनभाई म्हणाला, एकशे वीस.
मी म्हटलं, चालते का?
"गोळ छे ने, साहेब? वागशे."
वाजेल म्हणत होता. माझ्या मराठी कानाला वाटलं,
नीट वागेल म्हणतोय.

कव्हरवर चार दाढीवाले, कुंपणाला टेकून,
जणू कुणीतरी सुटलेली म्हैस आणायला गेलंय
आणि हे थांबलेत.
चौथ्याचा चेहरा कसरीने खाल्लेला.
मागे निळ्या बॉलपेनाने, तिरक्या अक्षरात:
हेमांगिनी पोतनीस, फतेहगंज, १९७९.
त्याखाली, दोन रेघा मारून: परत द्यावी.

मकरपुऱ्याची रात्रपाळी संपवून आलो आणि लावली.
शेजारी कुकरच्या शिट्ट्या,
आणि माझ्या खोलीत एक माणूस
नाकातून, अजिबात घाई न करता,
कुठल्याशा रस्त्याबद्दल सांगत होता.
निम्मे शब्द कळले. घोडा, ट्रक, आई, मंगळवार.
मी घोड्यावर कधी बसलेलो नाही.
माझा लांबचा रस्ता हालोलपर्यंतचा,
कंपनीच्या बसमध्ये, तोंड उघडं टाकून झोपलेला.
तरी त्याच्यामागची ती गिटार
एका सुरावरून दुसऱ्यावर अशी घसरली
की ओल्या फरशीवर कुणी पडता पडता सावरावं
आणि कुणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे बघावं.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मात्र अडकतं.
अर्धा शब्द. अर्धा शब्द. अर्धा शब्द.
बोटाने हलकेच ढकलावं लागतं,
झोपलेल्या पोराला कुशीवर वळवतात तसं.

तीन आठवडे ढकललं.
मग त्या दोन रेघा खुपायला लागल्या.
पैसे मोजून घेतली होती,
पण निरोप तर ज्याच्या हातात असेल त्याच्यासाठी होता.

फतेहगंजात पोतनिसांच्या जागी आता रक्त तपासतात.
उपाशीपोटी बसलेली माणसं
माझ्या काखेतल्या दाढीवाल्यांकडे बघत राहिली.
गल्लीतला इस्त्रीवाला म्हणाला,
"बेन? ए तो निझामपुरा गयां."

दार तिनेच उघडलं. सत्तरीची, गुडघ्याला पट्टा,
ओंजळीत तुरीच्या शेंगा.
कव्हर पाहून इतकी हसली की शेंगा सांडल्या.

"अहो, ही माझी कुठे?
सेल्वराजची. रिफायनरीत होता, मद्रासकडचा.
भाऊ बोटीवर, त्याने आणलेली.
मी आठ दिवसांसाठी मागून घेतली
आणि नाव घालून टाकलं."

मागायला नाही आला?

"आला की. मी अक्षरं दाखवली.
देवनागरी कुठे येत होती त्याला!
म्हटलं, इथे लिहिलंय, हेमांगिनीला भेट.
बरं म्हणाला. चहा प्यायला. गेला.
पुढे मथुरेला बदली झाली."

मग खाली वाकून एकेक शेंग वेचत,
माझ्याकडे न बघता:
"त्याच्या मेसमध्ये दोघे सांगलीचे होते.
त्यांच्याकडून आधीच वाचून घेतलं असणार."

रेकॉर्ड तिने घेतली नाही.
वाजवायला काही नाही म्हणाली, शिवाय
सुनेने एकदा काढलेली वस्तू घरात परत आली
तर सुनेला काय सांगू?
फक्त विचारलं, तिसरं गाणं, अजून?
मी मान हलवली.

तिने ते गुणगुणायला घेतलं. आवाज किरटा, सूर पक्का.
त्या जागेपाशी आली
आणि अर्धा शब्द म्हणाली. अर्धा शब्द. अर्धा शब्द.
चेष्टा नव्हती ती. तिचं गाणं तसंच होतं.
मग तुरीने हिरवं झालेलं बोट उचललं,
हवेत हलकेच ढकललं,
आणि पुढची ओळ म्हटली.

निघताना माझ्या पिशवीत तिने
किलोभर तरी शेंगा ओतल्या, थेट वरून.
रेकॉर्डवर वजन ठेवू नये म्हणतात.
मी काही बोललो नाही.